अकरा दिवसांची शून्यं

माण तालुक्यात पाऊस मोजायचा म्हणजे न येणाऱ्या पाहुण्यासाठी रोज दार उघडायचं. एकवीस वर्षं मी, चांदसाहेब, हेच करतोय. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातली बाटली काढायची, पाणी मापायचं, आकडा वहीत लिहायचा. बायको, रहिमतबी, गेल्यापासून मला वेळेवर कुठं जायचं असेल तर त्या डब्याकडेच.

परवा सांगलीहून सई आली. पाऊस आणि तापमानाच्या जुन्या नोंदींवरून कुठल्या दिवशी जमिनीत किती ओल होती, याचा अंदाज ही पोरगी बांधते. आलेला पाऊस धरायचा, उन्हानं ओढलेलं पाणी वजा करायचं. तिनं माझ्या वहीवर बोट ठेवलं.

“चाचा, तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत सलग अकरा शून्यं आहेत. म्हणजे रान खडखडीत वाळायला हवं. पण बाराव्या दिवशी कृषी खात्यानं तुमच्याच रानातली माती तपासलीय. वीतभर खाली ओल होती.”

मी उखडलो. “एकवीस सालांत माजा एक खाडा न्हाई!”

“त्या दिवसांत पाऊस मोजला होता?”

खोटं बोलणार होतो, जमलं नाही. ते अकरा दिवस मी पर्जन्यमापकावर झाकण घालून मिरजेला, दवाखान्यात रहिमतबीच्या उशाशी होतो. ती रोज विचारायची, “आवं, मटकीवर पाऊस पडला का?” मटकी तिनंच पेरलेली. मी म्हणायचो, “पडला की, लय पडला.” मला काय ठाऊक! ती त्या समाधानात गेली आणि मरत्या माणसाला फसवल्याचं माझ्या जिवाला लागून राहिलं. घरी आल्यावर कोऱ्या रकान्यांची लाज वाटली. आमच्याकडे शून्य बहुधा खरंच ठरतं, म्हणून अकरा ठोकून दिली. रानाकडं महिनाभर फिरकलो नाही. पाऊस झाला होता का, हे कुणाला विचारलंही नाही. भीती वाटायची.

“मोजलं नसेल तिथं रेघ मारायची, शून्य नाही,” सई हळूच म्हणाली. मग तिनं उलटी आकडेमोड केली. “एवढी ओल म्हणजे त्या दिवसांत निदान साठ मिलिमीटर पडला असणार. चांगला पाऊस होता, चाचा.”

ती गेल्यावर मी अकरा शून्यं खोडली, रेघा मारल्या. मग रहिमतबीला सांगायला लगबगीनं घरात वळलो आणि उंबऱ्यातच थांबलो. घरात कुणी नव्हतं. आणि ती असती, तरी तिला हे नवीन नव्हतं. तिनं तर पहिल्याच दिवशी माझ्यावर विश्वास ठेवला होता.