गुडघ्याची चुगली

शिडीवरून पडल्याला सहा महिने झाले होते. रंगाऱ्याचा गुडघा बरा झाला, पण त्याच्यावरचा भरवसा उडाला तो उडालाच. खाली पाहिल्याशिवाय पाय कुठे आहे तेच कळेना, आणि छत रंगवताना खाली बघून कसं चालेल?

त्याची वहिनी फिजिओथेरपिस्ट होती. तिने त्याला उंच टेबलावर बसवलं, डोळे मिटायला लावले, पाय उचलून क्षणभर धरला आणि खाली सोडला. "आता मी धरला होता बरोब्बर तिथेच पाय आणा, भावजी."

तिने कोनमापक लावून पाहिलं, तो बारा अंशांनी चुकला होता. मग नऊ, मग चौदा.

वहिनीने गुडघ्यावर घट्ट नीकॅप चढवली. आता चूक तीन अंशांची, पुढच्या खेपेला दोनच!

"वहिनी, माप फिरवलंत की काय?" तो ओरडलाच.

"छे! ही ताकद देत नाही हं. कातडीला आवळून बसते, म्हणून पाय कुठे आहे त्याची कातडी मेंदूकडे चुगली करते."

तिने ती स्वतःच्या गुडघ्यावर चढवून पाहिली, तर काडीचा फरक नाही. "माझा पाय कुठे आहे ते मला आधीच कळतंय, ती नवीन काय सांगणार? आणि भावजी, व्यायाम सोडायचा नाही..."

रंगारी ऐकायला थांबलाय कुठे! नीकॅप परत घालून तो मागच्या अंगणातल्या शिडीवर चढलासुद्धा. वहिनी धावली, दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली. तो आकाशाकडे बघत एकेक पायरी उतरला. पाय प्रत्येक वेळी नेमका पडला.

"परत!" वहिनीच ओरडली. "परत एकदा उतरून दाखवा!"