तुरुंगातला एकुलता एक काळा झगा

मी एक जुना काळा झगा आहे, पदवी घेताना घालतात तसा. पण माझा जन्म विद्यापीठात झाला नाही. उत्तर युगांडातल्या एका तुरुंगाच्या शिवणखान्यात, कोर्टासाठी शिवलेल्या झग्यांतून उरलेले कापड जोडून, ओदोंगकारा नावाच्या कैद्याने मला शिवले. तरुणपणी मारामारीत त्याच्या हातून एकाचा जीव गेला होता.

मित्रांनो, आमच्याकडे नियम असा की, आत राहून जो पदवी मिळवील त्याची शिक्षा दीड वर्षाने कमी व्हायची. प्रमाणपत्र हातात पडले की सूट लागू. पूर्वी ते टेबलावरून नुसते सरकवत. ओदोंगकाराला ते खटकले. तो जेलरसाहेबांना म्हणाला, "साहेब, मक्याची उकड वाढावी तशी पदवी काय वाढता? एक दिवस तरी माणसाला ताठ उभं राहू द्या की!"

साहेबांना पटले आणि समारंभ सुरू झाला. कैद्यांच्या पिवळ्या कपड्यांवर मला चढवून एकेक जण पुढे जायचा, परत येऊन मला पुढच्याच्या अंगावर घालायचा. कितीजणांनी माझ्या बाह्यांना डोळे पुसले! प्रत्येकाचे नाव ओदोंगकारा माझ्या आतल्या काठावर दोऱ्याने घाली. टाळ्या वाजल्या की मी फुशारून जायचो.

मग तोही शिकायला बसला आणि सहा वर्षांनी पास झाला. शिक्षेचे चौदाच महिने उरले होते, म्हणजे प्रमाणपत्र मिळताच तो सुटणार होता. म्हातारी आई भेटायला आली, तेव्हा त्याने मला जाळीपाशी नेले. तिने बोटांनी माझा काठ चाचपला.

"यात तुझं नाव कुठंय रे?"

"पदवी मिळाली की घालतो, आई."

"सुई तुझ्या हातात, अन् वाट दुसऱ्याची बघतोस! लवकर ये बाबा. माझे आता फार दिवस नाहीत."

पण समारंभाला आता मंत्री येऊ लागले होते आणि मंत्र्यांना सवड होईना. तारीख तीनदा पुढे गेली. दर वेळी मला इस्त्री होई आणि मी पुन्हा खुंटीवर जाई.

"साहेब, कागद आधी द्या. आईनं अंथरूण धरलंय," ओदोंगकारा म्हणाला.

"अरे, प्रमाणपत्र पाहुण्यांच्याच हातून द्यायचं. हा रिवाज तूच तर सुरू केलास!"

ओदोंगकारा शिवणखान्यात परतला. त्याच्या आणि दाराच्या मध्ये मीच लटकत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

अखेर मंत्री आले. टाळ्या झाल्या. त्याच दुपारी ओदोंगकारा सुटला. पण आई अकरा दिवसांपूर्वीच गेली होती.

त्याने मला खुंटीला अडकवले. शिवणखान्यातला सोबती म्हणाला, "अरे, नाव घालायचं राहिलं की!"

"राहू दे. जिला बघायचं होतं, ती कुठंय आता?"

माझ्या काठावरची ती जागा अजून रिकामीच आहे. मित्रांनो, कुणाच्या सुटकेचा कागद कधी तुमच्या हाती आला, तर तो त्याच दिवशी देऊन टाका. माझी काळजी करू नका. मी खुंटीवर कितीही दिवस थांबू शकतो.