न रुतणाऱ्या माणसाची विंच

गाड्यांच्या मासिकात 'टिकेल का?' हे सदर लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे जपूनराव म्हणत, आणि हे नाव त्यांनी कष्टाने कमावलं होतं. पाच वर्षांपूर्वी संपादकांनी त्यांच्या जीपला पुढे एक विंच बसवून दिली. गाडी चिखलात रुतली की विंचेचा दोर झाडाला बांधायचा, बटण दाबायचं, मग मोटर दोर गुंडाळत गाडीला बाहेर ओढते. "पाच वर्षं वापरा आणि सांगा, भरवशाची आहे का," असं ठरलं होतं.

जपूनरावांनी ती तळहातावरच्या फोडासारखी जपली. बायकोकडून तिला जुन्या पडद्याचा अभ्रा शिवून घेतला. रोज संध्याकाळी पुसली. राहिलं एवढंच, की गाडी कधी रुतलीच नाही. डबकं दिसलं की खाली उतरून काठीने खोली मोजणाऱ्या माणसाची गाडी रुतणार तरी कशी?

शुक्रवारी संपादकांचा फोन आला. "सोमवारी अहवाल हवा, नाहीतर सदर दुसऱ्याला देतो."

सोळा वर्षांचं सदर! जपूनराव लगेच लिहायला बसले. त्यांनी घाईघाईने लिहिलं, 'पाच वर्षांत एकही तक्रार नाही.'

बायकोने ते वाचलं. "अहो, आपल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांचीसुद्धा एकही तक्रार नाही."

रविवारी दोघं वीटभट्टीमागच्या चिखलात गेली. जपूनरावांनी मन घट्ट करून जीप खड्ड्याकडे सोडली. पण जित्याची खोड! हात आपोआप वळले आणि जीप कोरड्या कडेवर जाऊन उभी राहिली. तीनदा तेच झालं.

"सरका, मी चालवते," बायको म्हणाली.

"अगं, तुला चिखलात चालवता येत नाही!"

"म्हणून तर म्हणते."

दीड मिनिटात जीप दारापर्यंत रुतली. "वा! शाबास!" जपूनराव ओरडले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तिच्या गाडी चालवण्याचं कौतुक त्यांनी आज पहिल्यांदा केलं.

दोर झाडाला बांधला. बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. वापराविना पडून पडून मोटर आतून गंजली होती.

शेवटी भट्टीवाला आपला ट्रक घेऊन आला. त्याच्या विंचेवर चिखलाचे थर होते आणि तिची एक बाजू तारेने बांधलेली होती. "रोज चार गाड्या काढते बिचारी," तो म्हणाला. "तुमचीला काय झालं?"

"कधी वापरलीच नाही," जपूनराव पुटपुटले.

"मग दुसरं काय होणार?"

जपूनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी पहिला अहवाल फाडला आणि घडलं ते सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'पाच वर्षं तपासणी झाली ती माझी. मी नापास.' सदर गेलं असं धरून ते त्या दिवशी जेवलेही नाहीत.

मंगळवारी फोन आला. हसू आवरत नसल्याने संपादकांना धड बोलता येईना. "सदर तुमचंच. नवी विंच पाठवतो. लिहा तुम्ही, पण गाडी वहिनींच्या हातात द्या."

पहिल्याच आठवड्यात गाडी अकरा वेळा रुतली, त्यात एकदा घरासमोरच्या फुलांच्या वाफ्यात. शेजारी बसलेल्या जपूनरावांनी क्षणभर डोळे मिटले, वही खिशात घातली आणि दोर बांधायला झाड शोधत खाली उतरले.