पाच दिवसांचा साबण

लाँड्रीवालीने साबणाच्या वडीला जिभेचं टोक लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. तोंड वेडंवाकडं करत ती दारापाशी गेली, चूळ भरून आली आणि दुसरी वडी उचलली. तिचंही तेच. तिसरीचंही तेच. जीभ चुरचुरत होती.

"बाई, चटका बसतोय. सोडा अजून तसाच आहे आत. कच्चा आहे हा."

बाई टेबलांवर कापड अंथरत होत्या. साबण करायला त्या शिकवत, आणि वर्गातल्या वीसजणी त्यांना नुसतं बाईच म्हणत. त्यांनी मान वर केली नाही.

"माहीत आहे मला."

"मग विकायचा कसा?"

"हसतमुखाने," मागून चष्मेवाली म्हणाली, आणि चार-पाचजणी फिसकन हसल्या.

हसण्यासारखंच होतं ते. तीन आठवड्यांच्या वर्गात पहिले दोन आठवडे साबण कुणाच्या दृष्टीलाच पडला नव्हता. तेल आणि कॉस्टिक सोडा यायचा होता. तोवर वर्ग भरवणाऱ्या संस्थेच्या साहेबांनी आत्मविश्वास शिकवला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोलायचं, वडी दोन बोटांत धरून चेहऱ्याजवळ न्यायची, वडी नसेल तर फळा पुसायचं डस्टर न्यायचं. 'मी कामगार नाही, मी उद्योजिका आहे' हे रोज सकाळी उभं राहून तीनदा म्हणायचं. वर्गातल्या सगळ्यांत थोरल्या काकू आता झोपेतही तेच बडबडतात अशी त्यांच्या सुनेची तक्रार होती. सामान आलं शेवटच्या सोमवारी, आणि वीसजणींत मिळून जो एक वजनकाटा होता तो त्याच दुपारी बंद पडला. मग सोडा वाटीने मोजला. साबण निदान चार आठवडे मुरू द्यायचा असतो, हे बाईंनीच फळ्यावर लिहून दिलं होतं. आज शनिवार होता आणि प्रदर्शनाला लोक यायला लागले होते.

लाँड्रीवालीला हे नाव वर्गात पडलं. अकरा वर्षं ती लाँड्रीत कपडे धूत होती, सोड्याच्या पाण्याने हातांची सालं निघालेली, त्यामुळे कॉस्टिकची बरणी धरायला बाकीच्या घाबरत तेव्हा ती पुढे व्हायची. तीन आठवड्यांची रजा मागितली तर मालक म्हणाला, जा, पण परत येऊ नकोस. आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या जागी त्याने मेहुणीची मुलगी बसवली. नवरा दोन दिवस बोलला नाही. सासू मात्र म्हणाली होती, कर काहीतरी स्वतःचं, मी पोरांकडे बघते. आता सगळी भिस्त त्या पेटीवर होती. वजनकाटा, साचे, दोन डबे तेल आणि सोडा एवढं भरलेली पेटी प्रत्येकीला संध्याकाळी मिळणार होती. अट एकच, आज प्रत्येकीने पहिली विक्री करायची आणि गिऱ्हाइकाबरोबर फोटो काढायचा. फोटो नाही तर पेटी नाही, साहेबांनी हे दोनदा बजावलं होतं.

दहाच्या सुमारास हॉल भरला. काकूंच्या दोन वड्या गेल्या, चष्मेवालीच्या तीन. लाँड्रीवालीच्या टेबलापाशी एक तरणी बाई थांबली. खांद्यावर पाच-सहा महिन्यांचं बाळ, मानेला लाल पुरळ आलेलं.

"घरी केलेला आहे ना? याला दुकानातला झोंबतो हो. दोन द्या."

लाँड्रीवालीने वडी उचलली. साहेब फोटोवाल्याला घेऊन लगबगीने तिच्याकडे आले.

"वा, बाळासकट! ताई, जरा जवळ या दोघी. वडी वर धरा. अजून वर."

तिने वडी वर धरली. बाळ डोळे मोठे करून वडीकडे बघत होतं. शिकवल्याप्रमाणे तिने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

"नका नेऊ," ती म्हणाली. "महिनाभर मुरायला हवा हा. आणि सोडा जास्त पडलाय. बाळाला लावू नका, भाजेल त्याला."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. शेजारच्या टेबलापाशी एकीने हातातली वडी परत ठेवली. तिच्या पलीकडच्या दोघींनीही ठेवली. बघता बघता अर्ध्या हॉलमध्ये ही बातमी गेली.

"अगं बये," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुला नको असेल तर नको. आमच्या पोटावर का पाय देतेस?"

साहेब हसत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. "बाई," त्यांनी हाक मारली, "या ताई काय म्हणतायत, जरा बघा."

बाई आल्या. लाँड्रीवालीला वाटलं, आता त्या सांगतील. त्यांना सगळं ठाऊकच होतं. बाईंनी तिच्याच ताटातली एक वडी घेतली आणि पाण्याचं घमेलं आणायला सांगितलं. मग बाह्या वर केल्या.

"नवीन आहे ती, घाबरते," त्या लोकांना म्हणाल्या. त्यांनी कोपरापर्यंत साबण चोळला. फेस मात्र सुरेख आला. मग डोळे मिटून त्यांनी तोच फेस गालांना, कपाळाला, पापण्यांना लावला आणि तसाच ठेवून बोलत राहिल्या. तेल कोणतं, वास कसला, त्वचा कशी मऊ होते. मध्ये एकदा त्यांचा आवाज चिरकला, तर खोकला आल्यासारखं करून त्यांनी सावरून घेतलं. फोटोवाल्याने भराभर फोटो काढले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

लाँड्रीवालीला राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. टेबलांवरच्या वड्या तिच्या देखत संपत चालल्या होत्या. तरण्या बाईने चष्मेवालीकडून दोन घेतल्या. लाँड्रीवाली तिच्या मागे दारापर्यंत गेली.

"ताई, निदान महिनाभर ठेवून द्या. माझं ऐका."

त्या बाईने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमचा खपत नाही म्हणून दुसरीचा पण खपू द्यायचा नाही का?" ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

संध्याकाळी कर्ण्यावरून एकेकीला बोलावून पेट्या द्यायला सुरुवात झाली. लाँड्रीवाली आपल्या उरलेल्या नऊ वड्या पिशवीत भरून मागच्या दाराने निघाली होती. तिथे पाण्याच्या पिंपाशी बाई वाकून उभ्या होत्या. त्यांचे हात कोपरापर्यंत लालभडक झाले होते आणि पापण्या सुजल्या होत्या.

"कोण आहे?" बाईंनी विचारलं. "जरा पाणी घाल गं. मला दिसत नाही नीट."

तिला तसंच पुढे जावंसं वाटलं. पण तिने पिशवी खाली ठेवली आणि पिंपातून पाण्याचा मग भरला.

"डोळे उघडे ठेवा. धार लागू दे."

"तू होय." बाईंनी डोळे धारेखाली धरले. "बरोबर बोललीस तू."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"वीस तुकड्या झाल्या की मला नोकरीत कायम करतो म्हणालेत साहेब. ही अठरावी."

ती पाणी घालत राहिली. आत टाळ्या वाजत होत्या. काकूंना बोलावलं, मग चष्मेवालीला.

"दर वेळी असंच होतं?"

"सामान दर वेळी उशिरा येतं. प्रदर्शनाची तारीख मात्र हलत नाही."

"आणि या सगळ्या? त्यांचं पुढे काय होतं?"

"आज ज्यांनी नेला त्या परत घेत नाहीत. शेजारणी तर हातही लावत नाहीत. सहा महिन्यांनी बघावं तर तेलाच्या डब्यात पीठ नाहीतर पाणी भरून ठेवलेलं असतं." बाईंनी ओल्या हातांनीच नाक पुसलं. "कुणी भांडायला येत नाही. आपल्याच हातून चुकलं असं वाटतं त्यांना."

आत एकोणिसावी पेटी दिली गेली. साहेबांनी आभार मानले आणि कर्णा खरखर करून बंद झाला. लाँड्रीवाली हातातल्या मगाकडे बघत उभी राहिली.

"पुढच्या महिन्यात नवी तुकडी," बाई म्हणाल्या. "हाताखाली एक बाई घ्या म्हणालेत. दरमहा पगार आहे, थोडा आहे पण आहे. तुला साबण कळतो. मी तुझं नाव देते."

"आजच्यानंतर साहेब मला घेतील?"

"आज तू काय बोललीस ते उद्या त्यांच्या लक्षातही नसेल. फोटो चांगले आलेत."

तिने हातातला मग पुन्हा पिंपात बुडवला. बाईंची हनुवटी एका हाताने वर धरली आणि दुसऱ्या हाताने सुजलेल्या पापण्यांवर अगदी सावकाश पाणी सोडलं, लहान मुलाला न्हाऊ घालतात तसं. मगातलं पाणी संपलं तेव्हा तिने तो पुन्हा भरला.

"वर्गाच्या वेळेला आले तर चालेल," तिने विचारलं, "की आधी यायचं?"