केकमधली काडी

वाढदिवस कुणाचाही असो, मेणबत्त्या विझल्या की ज्याचा वाढदिवस त्याचं तोंड केकात दाबायचं, ही गंमत आता घरोघरी शिरली आहे. आपणही कधी ना कधी तिला हसलो आहोत. छकुलीचा मामा तर त्यात पटाईत. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, कामावर इतका काटेकोर की खटका बंद असल्याची दोनदा खात्री केल्याशिवाय तारेला बोट लावायचा नाही. पण चार माणसं जमली की त्याच्या अंगात वारं शिरायचं. त्याच्याशिवाय कार्यक्रमाला रंगत नाही असं सगळे म्हणत, आणि ते ऐकायला त्याला आवडे.

छकुली पाच वर्षांची झाली त्या संध्याकाळी तिच्या आईच्या, म्हणजे मामाच्या ताईच्या, दोन खोल्यांत शेजारपाजार मावत नव्हता. समोरच्या घरातून खुर्च्या आणल्या होत्या, पोरं पलंगावर दाटीवाटीनं बसली होती. वरच्या मजल्यावरच्या काकू घरी केक करून विकत. त्यांनी दोन थरांचा केक जपून आणून टेबलावर ठेवला, आणि कापण्याआधी आतली काडी काढायची, असं ताईला बजावलं. ताई हो म्हणाली, तेवढ्यात दारात पाहुणे आले आणि ते तिच्या डोक्यातून निघून गेलं.

भाऊजींनी, म्हणजे छकुलीच्या बाबांनी, चित्रण करायला मोबाइल सरसावला. मेणबत्त्या विझल्या, टाळ्या वाजल्या. मामानं मागून सगळ्यांना डोळा मारला आणि छकुलीच्या मानेवर हात ठेवून तिला पुढे दाबलं.

तिनं ऐन वेळी मान वळवली. वरचा थर फुटून एका बाजूला कोसळला. खोलीत हशा पिकला.

छकुलीनं तोंड वर केलं तेव्हा गालावरच्या पांढऱ्या क्रीममधून लाल ओघळ उतरत होता. हसणं एकेकाच्या तोंडावर थिजत गेलं. डोळ्याच्या जेमतेम बोटभर खाली गाल चिरला होता. आणि फुटलेल्या केकच्या मधोमध एक लाकडी काडी ताठ उभी होती. वरचा थर घसरू नये म्हणून दोन्ही थरांतून आरपार घातलेली, वरच्या टोकाला अणकुचीदार.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दोन टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पडली का ही?"

ताई मामाकडे बघायला लागली. शेवटी मामा म्हणाला, "मी ढकललं."

त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. "बोटभर वर लागलं असतं तर डोळा गेला असता," एवढंच म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या.

मामा बाहेर आला. बाहेरच्या बाकावर काकू बसल्या होत्या. तो त्यांच्यावरच उखडला. आत काडी आहे हे सगळ्यांना ओरडून सांगायला काय झालं होतं?

"ताईला सांगितलं होतं रे," काकू म्हणाल्या. "पण समज, काडी नसती. मग चाललं असतं?"

"लहान आहे. थोडं रडते, मग विसरते. सगळे हसतात."

"सगळे म्हणजे कोण? ती कधी हसली का?"

काकूंचा आवाज खाली आला. "तू हात उचललास तो मी पाहिला. काडी कुठे आहे ते मला ठाऊक होतं. दोन पावलांवर उभी होते मी. पण सगळे हसत होते, म्हणून मीही हसले. तुला एकट्याला कशी बोलू?"

भाऊजींनी मोबाइलवरचं चित्रण त्याच्यापुढे धरलं. मामा पाहू लागला. मेणबत्त्या विझताच छकुली केककडे बघतच नव्हती. मान मागे वळवून ती मामाचा हात कुठे आहे ते बघत होती. तिच्या मागे पंधरा-वीस माणसं हसत होती, आणि सगळ्यांत मोठं तोंड उघडून हसणारा तो स्वतः होता. मग ताईनं सांगितलं, की पोर सकाळपासून विचारत होती, मामा माझं तोंड केकात घालणार का. आणि ताईनंच हसून तो विषय टाळला होता.

दुसऱ्या दिवशी तो घरी गेला तेव्हा छकुली आईच्या मागे लपली. जवळ न जाता तो दाराशीच जमिनीवर बसला, दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवून.

"माझं चुकलं, छकुली. तुला नको असेल तर तुझ्या अंगाला पुन्हा हात लावणार नाही."

"आणि खालच्या मजल्यावरच्या बाळाच्या?"

"कुणाच्याच."

तिनं त्याच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. मग आईच्या मागून एक पाऊल बाहेर आली. एकच. मामानं तेवढ्यावर समाधान मानलं.

पुढच्या महिन्यात कामावर एका सोबत्याचा वाढदिवस होता. चौघांनी त्याची मान धरली, तेव्हा मामानं केकच उचलून बाजूला घेतला. रंगाचा बेरंग केलास, असं त्याला ऐकावं लागलं. ते त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं, पण केक खाली ठेवला नाही.

मंडळी, ज्याची गंमत करतो तोच हसत नसेल, तर तिला गंमत म्हणू नये. आणि अशा वेळी जो बाजूला उभा राहून हसतो, त्याचाही हात त्या मानेवर असतो.