मालकाचा हात पोचणार नाही अशी जागा

गाद्यांच्या कारखान्यात माणसं बावीस, आणि त्यांच्या म्हातारपणाची सोय शून्य. काठ शिवणारी मावशी तर साठीला टेकलेली. थोरलीने वडिलांकडून कारखाना हाती घेतला तेव्हाच ठरवलं, बाकी सगळं राहू दे, हे आधी मार्गी लावायचं. वडिलांना, म्हणजे आबांना, हे खूळ वाटे. "आपण आहोत ना? मी कधी कुणाला वाऱ्यावर सोडलंय?" नव्हतंच सोडलं. पण आबा तरी जन्माला पुरणार होते थोडेच!

तिने दोन निधीवाल्यांना बोलावलं. दोघांकडेही अनेक कारखान्यांतल्या कामगारांचे पैसे एकत्र गुंतवून वाढवायचे; दरमहा थोडे मालकाने घालायचे, थोडे कामगाराने. पहिला भलताच लाघवी. चहा अर्धा होईतो त्याने आबांना 'काका' करून टाकलं. दुसऱ्या निधीची बाई मात्र एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बसलेली. खर्च, परतावा, सगळं उन्नीस-बीस.

मग थोरलीने दोघांनाही एकच प्रश्न टाकला. "मंदी आली, कापूसवाल्याचे पैसे थकले, तर यातली रक्कम मला तात्पुरती काढता येईल का?"

"तुमच्यासाठी काढू की काहीतरी मार्ग," पहिला हसून म्हणाला. आबांनी खुशीत मान डोलावली.

"नाही," बाई म्हणाली. "एकदा भरले की ते कामगारांचे. कारखाना बुडाला तरी तुम्हाला मिळायचे नाहीत."

"मग तुमच्याकडेच भरते," थोरली म्हणाली.

दोघं जिना उतरतात न उतरतात तोच आबांचा पारा चढला. "आपल्याच हाताने दार लावून घेतलंस? उद्या गळ्याशी आलं तर?"

"तर आपण बुडू, आबा. त्यांनी का बुडायचं?"

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा."

तिला फार वाईट वाटलं. या माणसाने राहतं घर गहाण टाकून लोकांचे पगार केले होते. पण मागे हटायचं नाही, हेही पक्कं होतं.

"तुमच्यावर आहे. माझ्यावर नाही. गेल्या वर्षी बँकेचा हप्ता तुंबला, तेव्हा हे पैसे कपाटात असते तर मी घेतले असते. परत करीन म्हणूनच घेतले असते."

आबांनी पुढ्यातला गार चहा बाजूला सारला.

"तू निदान आज बोललीस तरी," ते म्हणाले. "मी घेऊन मोकळा झालो असतो, आणि वर म्हटलं असतं, घरचेच तर आहेत."