बोट लागलं

घरात त्याला ‘बोट लागलं’ म्हणायचे. सासऱ्यांपुढे ताटली ठेवावी, त्यांनी एक घास घ्यावा, क्षणभर समोरच्या भिंतीकडे बघावं आणि उजव्या हाताच्या एका बोटानं ताटली डावीकडे सारावी. संपलं. तोंडातून चकार शब्द नाही. मीठ जास्त की आच कमी, ते ज्याचं त्यानं ओळखायचं. महिन्यातून तीन-चारदा तरी बोट लागायचंच, आणि एकोणीस वर्षांतलं प्रत्येक बोट सुनेला तोंडपाठ होतं. लग्नानंतर पाचव्या दिवशी लागलेलं पहिलं बोट तर तिनं दागिन्यासारखं जपून ठेवलं होतं. नवऱ्याशी भांडण झालं की ते बाहेर निघायचं.

सासरे बिस्किटांच्या कारखान्यात मसाला मिसळायचे. चौतीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं. घरी यायचे तेव्हा अंगाला दालचिनीचा वास आणि तोंडाला कुलूप. कारखान्यात काय चालतं हे ना कधी मुलाला कळलं, ना सुनेला. घरात ओव्हन घ्यायचा विषय निघाला तेव्हा मात्र कुलूप उघडलं होतं. “दिवसभर भट्टीचं तोंड बघतो, घरी नको.” ओव्हनचा विषय तिथंच मिटला, तो आजतागायत.

आणि आता ते बोटच गेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. बोलण्याची फारशी सवय नव्हतीच म्हणा, पण नसणं वेगळं आणि जाणं वेगळं. सुरुवातीला भरवलेलं निमूटपणे गिळायचे. गेले दहा दिवस मात्र चमचा ओठाला लागला की ओठ मिटायचे. चाळीस-चाळीस मिनिटं सून वाटी घेऊन बसायची, त्यातले चार चमचे पोटात, बाकीचं गळ्याभोवती बांधलेल्या फडक्यावर. ताटली सारायचेही नाहीत. नुसते भिंतीकडे बघत पडायचे.

गिळायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. शुक्रवारी त्यांनी घसा तपासला, पाणी पाजून पाहिलं आणि तिला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, “गिळता येतंय त्यांना. गिळायचं नाहीये.”

सोमवारी सकाळी पोटात नळी घालायची, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तोवर तोंडानं नीट खाल्लं, निदान एक वाटी, तर थांबता येईल.

“गार करून बघा काहीतरी,” बाई म्हणाल्या. “गुळगुळीत, आणि चव ठसठशीत हवी. गार आणि चवीचं लागलं की जिभेला जाग येते. कण मात्र एकही नको. कण घशात अडकला तर ठसका, आणि ठसक्यातून सगळं छातीत.”

ती लाँड्रीच्या काउंटरवर काम करायची. लोकांचे कपडे मोजायचे, त्यांना चिठ्ठ्या टाचायच्या, डाग कशाचा आहे ते विचारायचं आणि खोटं उत्तर ऐकून घ्यायचं. शनिवारी तिथं इस्त्री करणाऱ्या बाईनं तिला पावतीच्या मागं चीजकेक लिहून दिला. मसाल्याच्या बिस्किटांचा, न भाजता होणारा.

“काहीच करायचं नसतं गं,” इस्त्रीवाली म्हणाली. “कालवायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि थांबायचं.”

“थांबायचं तेवढंच जमत नाही बघ मला,” ती म्हणाली. दोघी हसल्या, पण तिच्या हसण्यात जीव नव्हता. परतताना तिनं त्या पावतीची घडी पर्समध्ये ठेवली आणि मनात आलं ते तिचं तिलाच नको वाटलं: नळी घातली तर बरंच होईल. नळीला चमचा लागत नाही, फडकं लागत नाही, चाळीस मिनिटं लागत नाहीत. नळी ताटली सारत नाही. एवढं मनात आल्यावर तिनं दुकानात जाऊन बिस्किटांचे दोन पुडे घेतले, सासऱ्यांच्याच कारखान्याचे. चुकीच्या विचाराचं प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

रविवारी सकाळी सातला ती ओट्याशी उभी राहिली. एक पुडा पिशवीत घालून लाटण्यानं कुटला, त्यात वितळलेलं लोणी कालवलं आणि बाजू सुटी होणाऱ्या साच्यात वाटीच्या बुडानं दाबून बसवलं. हा थर तिचा आणि नवऱ्याचा. एवढा खटाटोप करायचाच तर घरातल्या धडधाकट माणसांनी काय पाप केलंय? दुसरा पुडा सासऱ्यांचा. ती बिस्किटं कोमट दुधात भिजवली, लगदा केला आणि बारीक चाळणीतून दोनदा गाळला. पहिल्यांदा गाळल्यावर खालच्या लगद्यात चाळणीतून निसटलेला एक कण दिसला. म्हणून दुसऱ्यांदा.

क्रीम चीज रात्री बाहेर काढून ठेवायचं ती विसरली होती. ते दगडासारखं. चमच्यानं रगडता रगडता तिचा खांदा भरून आला. मधेच सासऱ्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली, चादर बदलावी लागली, हात धुऊन पुन्हा रगडणं. मग साखर. मग हातानं घुसळलेलं क्रीम, जे फुगेना फुगेना म्हणून तिनं त्याला दोन शिव्याही दिल्या, हळू आवाजात, कारण सासऱ्यांचे कान शाबूत होते. अर्धं मिश्रण साच्यातल्या थरावर ओतलं. उरलेल्या अर्ध्यात गाळलेला लगदा कालवून दोन वाट्या भरल्या. सगळं फ्रीजमध्ये ठेवून दार लावलं तेव्हा दहा वाजले होते. ती स्टुलावर बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

नवरा पाण्याच्या पंपावर पाळीनं कामाला होता. दुपारी आला, वडलांच्या खोलीत डोकावला, परत आला आणि बूट न काढताच टेबलाशी बसला.

“सकाळी काही गेलं पोटात?”

“तीन चमचे.”

“उद्या नळी घालून टाकू,” तो म्हणाला. “त्यांचीही सुटका, तुझीही. आरशात बघितलंस का स्वतःला?”

“आरसा पुसायला वेळ नाही, बघायला कुठून आणू?”

तो हसला नाही. “मी तुला दोष देत नाहीये गं. त्यांनाच नकोय. माणसाला नको असेल तर आपण काय करणार?”

ती फ्रीजकडे वळली. चारपर्यंत तिनं फ्रीज सहा वेळा उघडला. सातव्यांदा वाटीवर बोट टेकवून पाहिलं. जमलं होतं.

तिनं सासऱ्यांना उशा लावून ताठ बसवलं, फडकं बांधलं, हनुवटी जराशी खाली केली, बाईंनी शिकवलं होतं तशी. चमच्याच्या टोकावर थोडंसं घेतलं आणि ओठाला लावलं. ओठ मिटलेलेच. ती तशीच थांबली. गार चमचा ओठावर, वास नाकाशी. आणि मग, काय मनात आलं कोण जाणे, ओठ उघडले. चमचा आत गेला. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली. ठसका नाही, काही नाही. दारात उभ्या असलेल्या नवऱ्यानं श्वास सोडला तो तिला ऐकू आला.

सासरे क्षणभर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग पांघरुणावरचा डावा हात हलला. तो हळूहळू वर आला, पुढ्यातल्या ट्रेवरच्या वाटीपर्यंत पोचला, आणि एका बोटानं त्यांनी वाटी डावीकडे सारली. दोन इंच गेली असेल. पण सारली.

“बघ,” नवरा म्हणाला. त्याचा आवाज अगदी पडला होता. “मी म्हटलं नव्हतं? नकोय त्यांना.”

तिच्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं. सकाळपासूनचा तो खांदा, ती चाळणी, दोनदा गाळलेलं सगळं! मरणाच्या दारातसुद्धा माणसाची खोड जात नाही, तिला वाटलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते उगाच नाही. ती वाटी उचलून ओट्याशी आली आणि तिथं आल्यावर एकदम थबकली.

“अहो,” ती म्हणाली, “दहा दिवसांत एकदा तरी बोट लागलं होतं का?”

“म्हणजे?”

“नको असतं तर ओठ मिटले असते. दहा दिवस तेच करतायत. आज त्यांनी खाल्लं, आणि मग बोट लावलं. म्हणजे काहीतरी चुकलंय माझं!” आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य ती आनंदानं म्हणत होती.

सासऱ्यांच्या फोनमध्ये मोजून नऊ नंबर होते. त्यात भट्टीकाकांचा होता. भट्टीकाका म्हणजे कारखान्यात त्यांच्या शेजारी चौतीस वर्षं भट्टी सांभाळलेले गृहस्थ. इस्पितळात भेटायला आले तेव्हा त्यांच्या आवाजानं तिसऱ्या खाटेवरचा रुग्ण जागा झाला होता.

“काका, बाबांच्या वेळी त्या मसाल्याच्या बिस्किटात काय काय असायचं?”

“का गं? कारखाना काढतेस की काय?”

तिनं घडलं ते सांगितलं.

“डावीकडे सारली?” काकांनी विचारलं.

“हो.”

“एका बोटानं?”

“हो, काका.”

“मग जागा आहे म्हातारा!” तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. “अगं, प्रत्येक घाण्याचा पहिला ट्रे त्याच्यापुढे जायचा. एक बिस्कीट खायचा आणि भिंतीकडे बघायचा. बिघडलं असेल तर ट्रे डावीकडे. डावीकडे गेलेला घाणा मोडीत निघायचा, मग साहेब येऊन नाचला तरी बेहत्तर.”

“आणि चांगलं असलं तर?”

“चांगलं असलं तर काय करायचंय? ट्रे पुढे जायचा. चौतीस वर्षांत त्याच्या तोंडून ‘वा’ ऐकलेलं मला आठवत नाही. आम्ही वाटही बघितली नाही कधी. बोट लागलं नाही की समजायचं, झकास.”

काकांनी “हॅलो, हॅलो” केलं तेव्हा ती भानावर आली.

“तो घरी बसल्यावर त्यांनी मसाला बदलला,” काका सांगत होते. “आता नुसती दालचिनी आणि बाटलीतला वास. त्याच्या हातचं लिहून घे. दालचिनी चार वाटे, सुंठ एक, जायफळ एक, लवंग अर्धा. आणि मिरी, पण नावाला. मी सांगितलं म्हणू नकोस, सोलून काढेल मला.”

घरात सगळं होतं. तिनं मसाला पिठासारखा कुटला, थोड्या दुधात उकळला आणि कपाटातल्या कोऱ्या रुमालातून गाळून थंड केला. दालचिनी बिस्किटात होतीच, तरी तिनं मापात घातली. आता स्वतःचं डोकं चालवायची तिची छाती नव्हती. दुसऱ्या वाटीत ते कालवून अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. नवरा मधे मधे येऊन “झालं का?” विचारत होता. त्यालाही थांबायचं जमत नव्हतं.

पहिला चमचा गेला. भिंतीकडे बघणं झालं. ती डाव्या हाताकडे बघत राहिली. हात पांघरुणावर पडून होता. दुसरा चमचा. तिसऱ्याला ओठ आपणहून उघडले, चमचा यायच्या आधी. सातव्यानंतर तिनं मोजणं सोडलं. चमचा वाटीच्या बुडाला घासल्याचा आवाज आला तेव्हा तिनं वाटीत पाहिलं. रिकामी होती.

सासरे काही बोलले नाहीत. बोलणार कसे म्हणा. पण बोट लागलं नव्हतं.

ती रिकामी वाटी मांडीवर घेऊन तशीच बसली. महिन्यातून तीन-चार बोटं. ती तिनं सगळी मोजली होती, एकूण एक. बाकीच्या दिवसांच्या ताटल्या? दोन्ही वेळच्या, एकोणीस वर्षांच्या? त्या तिनं उचलल्या, घासल्या आणि पालथ्या घातल्या होत्या. सगळ्या रिकाम्या. एकीलाही तिनं कधी जमेत धरलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रागही आला, तो असा की हसावं की ओरडावं कळेना.

“एकदा तोंडानं सांगायला काय झालं होतं, बाबा?” ती म्हणाली. “एकदा! आता मी कुणाकडे दाद मागायची?”

त्यांनी भिंतीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“उद्या डॉक्टरांना थांबा म्हणून सांगतो,” नवरा दारातून म्हणाला. तो स्वयंपाकघरात गेला. म्हणजे उद्यापासून पुन्हा चमचा, पुन्हा चाळणी, पुन्हा फडकी, आणि वर लाँड्री. तिच्या कमरेतून एक कळ गेली. तरी ती उठली नाही. फडकं सोडलं, सासऱ्यांचं तोंड पुसलं आणि पुन्हा खुर्चीत टेकली.

नवऱ्यानं साच्यातल्या केकचा तुकडा कापून तिच्यासाठी ताटलीत आणला. खाली बिस्किटांचा थर, वर पांढरं, दिसायला देखणा. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तिनं एक घास घेतला आणि क्षणभर समोर बघत चावत राहिली. नुसती दालचिनी, आणि बाटलीतला वास. तिनं ताटली ट्रेवर ठेवली आणि एका बोटानं डावीकडे सारली.

हे तिनं मुद्दाम केलं नव्हतं. केल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि तिनं वर पाहिलं तर सासरे ताटलीकडे बघत होते. त्यांच्या तोंडाची जी बाजू अजून हलायची, ती हलली होती.